मे महिन्यात टँक ओस पडला, आता कोणते मासे आणू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकला इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच टँक. काही वर्षं छान चालला. मे महिन्यात एका रात्री पाच-सहा तास लाइट गेली आणि सकाळी दोन एंजल, तीन गोल्डफिश आणि दोन सिल्व्हर शार्क मरून पडलेले. वाचले ते दोन निळे गौरामी, तीन विडो टेट्रा आणि काचेला चिकटून राहणारा, वीतभर झालेला सकर. आता घरातल्या धाकटीला टँक परत रंगीत हवाय. दुकानदार म्हणतो, पंचवीस मासे एकदमच न्या, भाव जमवून देतो. कोणते घ्यावेत, किती घ्यावेत, आणि गोल्डफिश परत आणले तर चालतील का?

नावं सांगतोच, पण आधी त्या वाचलेल्या सहा माशांकडे नीट बघा. काय झालं होतं ते त्यांच्यावरूनच कळतं आणि पुढे काय आणायचं तेही बरंचसं तेच ठरवतात. गौरामीच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, हवेतला ऑक्सिजन घेणारा एक खास अवयव असतो. पाण्यात प्राणवायू कमी पडला की तो वर येतो, तोंडाने हवा घेतो आणि निभावून नेतो. सकरही पृष्ठभागावर येऊन हवा गिळू शकतो. विडो हवा गिळत नाहीत, पण अंगाने लहान, गरज थोडी, आणि पाण्याच्या अगदी वरच्या थराला तोंड लावून रात्र काढू शकतात. गेले ते कोण? आडव्या-उभ्या अंगाचे एंजल, भरपूर ऑक्सिजन लागणारे गोल्डफिश आणि सतत पोहणारे सिल्व्हर शार्क. म्हणजे तुमचे मासे रोगाने गेले नाहीत, गुदमरून गेले.

हे इतकं खोलात सांगायचं कारण असं की, मासे मेले की लोक पहिलं काम करतात ते टँक पूर्ण रिकामा करून रेती गरम पाण्यात उकळायचं, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून काढायचा, कधीकधी तर मिठाने काच घासायची. रोग नव्हता तिथे या सगळ्याचा उपयोग शून्य, आणि नुकसान मोठं. ते पुढे सांगतो. तुम्ही तसं केलेलं दिसत नाही. करूही नका.

मेलेल्यांचा क्रम नेहमी बघावा. एका रात्रीत मोठे गेले आणि लहान राहिले तर ऑक्सिजन. पाणी बदलल्यावर तासा-दोन तासांत सगळेच सैरभैर पोहून गेले तर क्लोरीन. आपल्याकडे सोसायटीची वरची टाकी धुऊन टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर टाकली की त्या आठवड्यात हे हमखास होतं, आणि वॉचमनला विचारल्याशिवाय कळत नाही. तीन-चार आठवडे रोज एक-एक गेला तर रोग, नाहीतर पाण्यात साचत गेलेली घाण. घरात पेस्ट कंट्रोल केलं आणि मासे गेले, तर त्याच फवाऱ्यात शोधा. या औषधांमधली पायरेथ्रॉइड गटाची रसायनं माणसाला फारसं करत नाहीत, माशांना मात्र फार थोड्या मात्रेत मारतात. एअर पंप खोलीतलीच हवा टँकमध्ये ढकलतो, हे डासांचं मशीन शेजारच्या प्लगला लावताना कोणाच्या लक्षात येत नाही.

तर तुमच्याकडे ऑक्सिजन. २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ अंशांना तो ७ च्या थोडाच वर राहतो. नेमकं त्याच वेळी उष्णतेमुळे माशाचा श्वास वाढलेला असतो, फिल्टरमधले जिवाणूही तोच ऑक्सिजन खात असतात आणि टँकमध्ये झाडं असतील तर रात्री तीसुद्धा घेतात. वर लाइट गेलेली. म्हणून एकही नवा मासा आणण्याआधी बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात हवा. दोन प्रकार मिळतात: एक सेलवर चालणारा, दुसरा प्लगला लावून ठेवायचा, जो लाइट गेली की आपोआप सुरू होतो. दुसराच घ्या. रात्री दोन वाजता उठून सेल कोण शोधणार? इन्व्हर्टर असेल तर एअर पंप त्यावर टाका. त्याला वीज अगदीच थोडी लागते. आणि एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही: फिल्टर पाच-सहा तास बंद राहिला, तर लाइट आल्याबरोबर तसाच चालू करू नका. आतलं पाणी कुजलेलं असतं, ते सगळं एकदम टँकमध्ये येतं. स्पंज काढा, टँकचंच पाणी बादलीत घेऊन त्यात दोनदा दाबा, मग लावा.

आता पाणी. नाशिकच्या नळाला धरणाचं पाणी येतं, घाटाकडच्या पावसाचं, आणि ते बहुतेक माशांना मानवतं. पण इंदिरानगर, पाथर्डी फाटा, सिडको या बाजूच्या बऱ्याच सोसायट्यांत बोअर आणि नळ एकाच टाकीत पडतात, आणि उन्हाळ्यात टँकरही. बोअरचं पाणी काळ्या खडकातून येतं, कॅल्शियम-मॅग्नेशियमने जड असतं. तुमच्या गिझरच्या कॉइलवर, नळाच्या तोटीवर, किटलीच्या तळाला पांढरा थर धरत असेल तर पाणी जड आहे असं धरून चला. तरी एकदा जडपणा, पीएच, अमोनिया आणि नायट्राइट मोजणारं किट आणाच. पट्ट्यांपेक्षा थेंबांचं किट बरं. दुकानदार ‘पाणी चेक करून देतो’ म्हणाला तर आकडे लिहून मागा. ‘पाणी ओके आहे’ याला काही अर्थ नाही.

पाणी जड निघालं म्हणून आरओचं पाणी ओतायला जाऊ नका. नुसत्या आरओच्या पाण्यात खनिजं जवळजवळ नसतात, पीएच कधी ढासळेल सांगता येत नाही. त्यापेक्षा जड पाण्याचे मासे आणावेत. तेही सुंदरच असतात.

जड पाण्यात पीएच ८ च्या आसपास असतो, आणि त्याची एक बाजू लक्षात ठेवा. माशांच्या लघवीतून, कल्ल्यांतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया येतो. तो पाण्यात दोन रूपांत असतो, एक फारसं अपाय न करणारं आणि एक विषारी. पीएच ७ वरून ८ वर गेला की विषारी रूपाचं प्रमाण जवळजवळ दहापट होतं, आणि पाणी गरम असेल तर आणखी वाढतं. म्हणजे जड, गरम पाण्यात एकदम पंचवीस मासे सोडणं हे मऊ, थंड पाण्यात सोडण्यापेक्षा कितीतरी धोक्याचं.

आणि इथेच ती फिल्टरची गोष्ट येते. स्पंजवर, रेतीवर, काचेवर जे जिवाणू राहतात ते अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी, पाणी बदललं की निघून जातं. हे जिवाणू जितकं अन्न तितकेच टिकतात. मे महिन्यात तुमचे सात मोठे मासे गेले, त्यानंतर तीन महिने फक्त सहा माशांची घाण पडतेय, म्हणून जिवाणूही सहांपुरतेच उरलेत. सहा डबे करणाऱ्या मावशींना सकाळी सांगायचं की दुपारी एकतीस डबे हवेत, तसं ते होईल. त्यांना वेळ द्या, त्या एकतीस करतील. पण दुपारी नाही. नवे टँक तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तुमचा टँक चालू आहे म्हणून इतका वेळ नको, पण प्रत्येक खेपेनंतर दोन-तीन आठवडे थांबा, आणि अमोनिया-नायट्राइट दोन्ही शून्य दिसल्याशिवाय पुढची खेप नको.

तेव्हा दुकानदाराचा पंचवीस हा आकडा चुकीचा नाही. ‘एकदमच’ हा शब्द चुकीचा आहे.

तुमचा टँक काठोकाठ भरला तर साधारण १६० लिटरचा. रेती, दगड आणि वरची रिकामी जागा वजा जाता सव्वाशे लिटर पाणी धरा. लिटरमागे एक इंच मासा असला काही हिशेब कोणी सांगितला तर तो सोडून द्या. दोन इंची दहा टेट्रा आणि वीस इंची एक मासा यांची घाण सारखी नसते. मासा दुकानात दिसतो केवढा ते बघू नका, दोन वर्षांनी केवढा होईल ते विचारा. सिल्व्हर शार्क फूटभर होतो. ‘शार्क’ म्हणून चंदेरी-काळा, दोन इंची, गोंडस विकला जातो तो प्रत्यक्षात पंगास असतो. आपल्या मासळी बाजारात ताटात जाणारा, मीटरभर वाढणारा. टिनफॉइल बार्ब फूटभर, ऑस्कर फूटभर, किसिंग गौरामी त्याच्या आसपास. तीन फुटी टँकमध्ये यातलं काहीच नको.

आता वाचलेल्यांचं. विडो टेट्रा हा कळपात शहाणा आणि एकटा-दुकटा पडला की खोडकर मासा आहे. तीनच असतील तर ते दुसऱ्यांचे लांब पंख कुरतडतात. यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, लांब पंखांचं काही आणायचं नाही: एंजल नाही, गप्पी नाहीत, फायटर तर नाहीच. धाकटी दुकानात गेली की गप्पींकडेच धावणार, हे मान्य. पण गप्पीची शेपटी आठवड्याभरात झिजलेली बघण्यापेक्षा ‘यांचं आणि त्यांचं जमत नाही’ हे आधीच सांगितलेलं बरं. गप्पी हवेतच असतील तर गॅलरीतल्या टबात ठेवा. महापालिकेची माणसं डासांसाठी टाक्यांत सोडतात तो हाच मासा, तिथे तो मजेत राहील. दुसरी गोष्ट, पहिली खेप म्हणजे आणखी पाच विडो. होय, नवे रंग नाहीत, तेच काळे-चंदेरी. पण आठ झाले की त्यांचं भांडण आपापसात राहतं आणि टँक एकदम जिवंत दिसायला लागतो.

विडोच्याच शेजारी गर्द गुलाबी, हिरवे, निळे विडो दिसतील. त्यात दोन प्रकार आहेत. काही जनुकात बदल केलेले असतात, निळ्या दिव्याखाली चमकतात, रंग टिकतो. काहींना रंग चढवलेला असतो. तो काही महिन्यांत उतरतो आणि रंगवताना झालेल्या जखमांनी मासा अर्धमेला असतो. कोणते कोणते हे काउंटरवर उभं राहून सांगणं अवघड. मी दोन्ही घेत नाही. पॅरट फिशच्या अंगावर बदाम किंवा नाव कोरलेलं दिसलं तर त्या दुकानातून काहीच घेऊ नका, असं माझं मत आहे.

गौरामींचं आधी एक तपासा. पाठीवरचा पंख मागे टोकदार लांब गेलेला असेल तर नर, आखूड-गोल असेल तर मादी. नर-मादी असतील तर उत्तम. दोघं नर असतील तर एक आत्ता फिल्टरमागे लपून असेल आणि दुसरा टँकभर फिरत असेल. अशा वेळी दबलेला नर दुकानात देऊन दोन माद्या आणा. मोठे एंजल गेल्यापासून तीन महिने गौरामींनी अख्खा टँक आपला मानलाय. नवा मासा सोडण्याच्या दिवशी दगड, लाकूड, झाडं सगळं हलवून वेगळं मांडा. हद्दी मोडतात, जुनेही बावचळतात आणि नव्यांना बस्तान बसवायला दोन दिवस मिळतात. एवढ्याशा गोष्टीने निम्मी मारामारी टळते.

दुसरी खेप रंगाची. इथे पाण्याचा आकडा बघून ठरवा. जड पाणी असेल तर स्वोर्डटेल किंवा प्लॅटी, लाल आणि केशरी: एका नरामागे दोन-तीन माद्या, असे सहा. नर जास्त झाले तर माद्यांचा पिच्छा पुरवून त्यांना दमवतात. या पिल्लं घालतात, अंडी नाही. पिल्लं बहुतेक गौरामींच्या पोटात जातील. एखाद-दुसरं झाडांत लपून वाढलं तर धाकटीला तेच पंचवीस माशांपेक्षा जास्त आवडेल. पाणी मध्यम असेल तर रोझी बार्ब सहा, दोन नर आणि चार माद्या. हा मूळ उत्तर भारतातल्या नद्या-ओढ्यांचा मासा. दुकानात फिकट पितळी दिसतो म्हणून लोक पुढे जातात. घरी दोन महिने चांगलं खाल्लं की नर मिरचीसारखा लाल होतो, माद्या सोनेरी राहतात. कोवळी झाडं तो खुडतो, हा त्याचा एकच दोष. थोडा गारठा तो सहज सोसतो, आणि नाशिकमध्ये हा मोठा गुण आहे.

निऑन टेट्रा आणि ड्वार्फ गौरामी या दोन सुंदर गोष्टी मी मुद्दाम सांगत नाही. निऑन मऊ पाण्याचा आहे, आणि येतो तेव्हा बरेचदा दमलेला, आजार घेऊन आलेला असतो. वाढलेला गौरामी त्याला गिळूही शकतो. ड्वार्फ गौरामीत एक विषाणू बराच पसरलाय, त्याला औषध नाही.

तिसरी खेप तळाला राहणाऱ्या माशांची, पण ती सकरवर अवलंबून आहे. तुमचा सकर वीतभर झालाय, अजून तेवढाच वाढेल. तो काच साफ करतो म्हणून ठेवतात. वाढल्यावर शेवाळ कमी खातो आणि टँकमधली सगळ्यात जास्त शी त्याचीच असते, सकाळी रेतीवर लांब दोऱ्या पडलेल्या दिसतात त्या. रात्री झोपलेल्या चपट्या माशांच्या अंगाला चिकटून चिकटा चाटण्याची सवयही काहींना लागते. त्याला मोठ्या टँकवाल्याकडे किंवा दुकानात देऊन टाका. बरीच दुकानं परत घेतात, पैसे देत नाहीत एवढंच. गोदावरीत, सोमेश्वरच्या धबधब्याखाली किंवा गंगापूर धरणात सोडायचं पुण्य मात्र नको. या सकरने देशातल्या कित्येक तळ्या-नद्यांत ठाण मांडलंय. काठ पोखरून बिळं करतो, जाळी फाडतो आणि त्याला खाणारं इथे फारसं कोणी नाही. २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात ॲलिगेटर गार सापडला होता, तोही कोणाच्या तरी टँकमधूनच तिथे पोचलेला असणार.

सकर गेला तर त्या जागी सहा ब्राँझ कोरी. दोन-अडीच इंची, मिशाळ, जथ्याने रेती हुंगत फिरणारे. त्यांच्या मिशा टोकदार खडीवर झिजतात म्हणून खडी असेल तर टँकच्या पुढच्या भागात तरी बारीक, धुतलेली वाळू टाका. ‘क्लीनर’ म्हणून त्यांना विकतात, पण ते उष्ट्यावर जगत नाहीत. रात्री दिवा मालवल्यावर बुडणाऱ्या गोळ्या द्याव्या लागतात. सकर ठेवायचाच असेल तर कोरी राहू द्या, आणि रंगाची खेपही सहाऐवजी चारवर आणा.

बेरीज केली तर आठ विडो, दोन गौरामी, सहा लाल आणि सहा कोरी. बावीस. डिसेंबरपर्यंत होतील.

वेळेबद्दल. आत्ता श्रावण आहे. धरणात गढूळ पाणी येतंय, तुरटी आणि क्लोरीन जास्त पडतंय, पाणी दर आठवड्याला वेगळं असतं. पहिली खेप गणपती उठल्यावर आणा. तोवर आठवड्याला पंचवीस टक्के पाणी बदला, अँटीक्लोरीन घालून. बादलीत चोवीस तास ठेवलं की क्लोरीन उडतो हे खरं, पण पावसाळ्यात मी त्यावर विसंबत नाही. नोव्हेंबर संपताना हीटर लावा. नाशिकचा किमान पारा हिवाळ्यात एक आकड्यावर येतो, आणि बंद फ्लॅटमध्येही बिनहीटरच्या टँकचं पाणी पहाटे वीसच्या खाली उतरतं. गौरामीला आणि कोरीला ते सोसत नाही. सव्वाशे लिटरला १५० वॉटचा हीटर पुरतो. २५ वर ठेवा, आणि पाणी बदलताना आधी प्लग काढा, कारण तापलेली काच हवेत उघडी पडली की तडकते.

दुकानात काय बघायचं, हे जरा सविस्तर. बहुतेक माल मुंबईहून येतो. तिथे तो कोलकाता, चेन्नई किंवा परदेशातून आलेला असतो. म्हणजे तुमच्या हातात येईपर्यंत माशाने तीन-चार पाणी बदललेली असतात. पहिला प्रश्न: माल कधी आला? आज आला असेल तर आज घेऊ नका. आवडले ते दाखवून ठेवा, आठवड्याने या. मरायचे ते दुकानातच मरतील. ॲडव्हान्स मागितला तर द्या.

मग टँकसमोर दोन मिनिटं नुसते उभे राहा. मासे काचेकडे येतात की कोपऱ्यात पंख मिटून डोलतात? कल्ल्यांची हालचाल बघा: दोन्ही बाजूंनी सारखी, संथ असावी, एकच कल्ला हलत असेल किंवा धाप लागल्यासारखं होत असेल तर नको. पोट खपाटीला गेलेलं, डोकं मोठं आणि मागचा भाग बारीक दिसणारा मासा खात असला तरी नको. मागून लोंबणारी पांढरी, पातळ शी म्हणजे पोटात काहीतरी आहे. शेपटीच्या कडेला पांढरट धूसर रेघ, अंगावर रव्यासारखे ठिपके, दगडावर अंग घासून झपकन पळणं: यातलं एक जरी एका माशात दिसलं तरी त्या टँकमधला एकही घेऊ नका. आणि फिल्टरच्या तोंडाला बघा. मेलेला मासा बहुतेक तिथेच खेचला जातो. अर्धा खाल्लेला, डोळे गेलेला एखादा चिकटलेला दिसेल. बऱ्याच दुकानांत सगळ्या काचांचं पाणी एकाच टाकीतून फिरतं आणि जाळीही एकच असते, म्हणून शेजारच्या काचांवरही नजर टाका. शेवटी दुकानदाराला चिमूटभर खायला टाकायला सांगा. न खाणारा मासा फुकट मिळाला तरी महागच पडतो.

सगळ्यात मोठे मासे निवडू नका. ते बरेचदा वयस्क असतात. मधल्या आकाराचे, चपळ, जाळी घातल्यावर पकडायला त्रास देणारे घ्या.

निघताना दुकानदाराकडे एक रिकामा थर्माकोलचा बॉक्स मागा. मासे त्यातच येतात, त्याच्याकडे ढीग पडलेला असतो. तोच तुमचा वेगळं ठेवायचा टँक. वीस लिटर पाणी, एक स्पंज फिल्टर, लपायला प्लॅस्टिक पाइपचा तुकडा, वर झाकण. स्पंज आजच विकत आणून मुख्य टँकमध्ये लावून ठेवा, म्हणजे गणपती उठेपर्यंत त्यावर जिवाणू बसलेले असतील. थर्माकोलमध्ये तापमान स्थिर राहतं हा फायदा. नवे मासे तिथे तीन आठवडे. पांढऱ्या ठिपक्यांचा जंतू थंड पाण्यात सावकाश वाढतो, म्हणून ‘चार दिवस ठेवले, काही दिसलं नाही’ याला अर्थ नाही. ठिपके दिसलेच तर तापमान हळूहळू २९-३० पर्यंत न्या, हवा वाढवा, लिटरला एक-दोन ग्रॅम जाडं मीठ विरघळवून घाला. कोरींना मीठ अर्धंच. मेथिलीन ब्लू वापरायचं तर याच बॉक्समध्ये. मुख्य टँकमध्ये घातलं की फिल्टरचे जिवाणू मरतात आणि काचेचे सिलिकॉनचे जोड कायमचे निळे होतात.

घरी आल्यावर पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग उघडून अर्ध्या तासात थोडं-थोडं बॉक्सचं पाणी तिच्यात घाला, आणि मासे जाळीने काढून सोडा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही, मोरीत. मासे कुरियरने बाहेरगावाहून मागवले तर मात्र उलटं: बारा-चौदा तास बंद पिशवीत अमोनिया साचलेला असतो, पण श्वासामुळे पाणी आंबट झालेलं असल्याने तो सौम्य राहतो. पिशवी उघडली, हवा लागली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. तिथे तापमान जुळवायचं आणि लगेच मासे काढायचे. त्या दिवशी खाणं नाही, दिवा नाही.

आता गोल्डफिश. विडो-गौरामींसोबत नको. गोल्डफिशला पाणी गार आवडतं, बाकीच्यांना कोमट. तो खातो खूप, घाण करतो त्याहून जास्त, आणि त्याच्या झुपकेदार शेपटीवर विडो तुटून पडतील. धाकटीचा जीव गोल्डफिशवरच असेल तर दुसरा सरळ मार्ग आहे: वाचलेले सहाही मासे एखाद्या चांगल्या घरी किंवा दुकानात द्या आणि हा अख्खा टँक तीन ओरांडा किंवा ब्लॅक मूर या जातींच्या गोल्डफिशना द्या. तीनच, चौथा नाही. हीटरचा खर्च वाचेल, नाशिकचा हिवाळा त्यांना आवडतो. पाणी मात्र आठवड्याला चाळीस टक्के बदलावं लागेल. आणि तो मार्ग घेतलात तर बॅटरीचे पंप दोन ठेवा. मे महिन्यात लाइट गेली की तोंड वर काढून हवा शोधायला आधी गोल्डफिशच येतो, आणि गौरामीसारखी सोय त्याच्याकडे नाही.